दिवा बंद करून देतो

गाडीची चावी फिरवली की डॅशबोर्डवर एकदम दहा-बारा चित्रं पेटतात. त्यातलं एक बसलेल्या माणसाचं असतं. अंगावर पट्टा, छातीसमोर एक गोळा. हा एअरबॅगचा दिवा. पाच-सहा सेकंद तो पेटतो आणि विझतो. तेवढ्या वेळात गाडीतला एक छोटा संगणक स्टेअरिंगमधली बॅग, डाव्या बाजूची बॅग, सीटबेल्ट आवळणारी यंत्रणा, धडक ओळखणारे सेन्सर या सगळ्यांची हजेरी घेतो. सगळे ‘हजर’ म्हणाले की दिवा जातो. कुणा एकानं ओ दिली नाही तर दिवा पेटलेलाच राहतो. आणि गाडी तरीही मजेत चालते.

खरी गंमत इथेच आहे. पेट्रोल संपलं की गाडी थांबते, क्लच गेला की चढावर मान टाकते, बॅटरी बसली की चार माणसं ढकलायला लागतात. एअरबॅगचा दिवा वर्षभर पेटलेला राहिला तरी ॲव्हरेज कमी होत नाही, पिकअप जात नाही, कसला आवाजसुद्धा येत नाही. त्या दिव्याचा संबंध एकाच क्षणाशी आहे, आणि तो क्षण बहुतेकांच्या आयुष्यात येतही नाही. म्हणून या दिव्याचं काय करायचं हा प्रश्न फार काळ यंत्राचा राहत नाही.

आमच्या घरात तो प्रश्न हॉर्नमुळे आला.

मी शिरूरला राहतो आणि रांजणगाव एमआयडीसीतल्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीच्या विभागात काम करतो. ताईचं सासर दौंडचं. दाजींची हॅचबॅक गाडी सात वर्षं जुनी, घरची वापरलेली, नीट ठेवलेली. तिच्यात एअरबॅगचा दिवा पावसाळ्यापासून पेटलेला होता. दाजींच्या लेखी ते ‘सेन्सरचं काहीतरी’ होतं. दिवाळीच्या आसपास हॉर्न वाजेनासा झाला आणि दुसऱ्याच दिवशी गाडी गॅरेजला गेली. चौफुला ते दौंड या पट्ट्यात उसाच्या ट्रॉल्यांच्या मधून बिनहॉर्नची गाडी चालवणं म्हणजे काय, हे तिकडून कधी गेलेल्या माणसाला सांगायला नको. हॉर्नशिवाय आपण एक दिवस काढू शकत नाही, एअरबॅगशिवाय पाच महिने काढतो. यात दाजींना हसण्यासारखं काही नाही. हॉर्न रोज लागतो.

मी त्या रविवारी दौंडला गेलेलो होतो, म्हणून सोबत गेलो. त्याआधी दाजींनी ऑनलाइन मागवलेलं, मोबाइलला जोडायचं स्वस्तातलं स्कॅनर लावून पाहिलं होतं. त्यात ‘कोणताही दोष नाही’ असं आलं होतं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला होता. असली स्वस्त यंत्रं बहुतेक वेळा फक्त इंजिनचे कोड वाचतात. एअरबॅगच्या संगणकाशी त्यांची ओळखच नसते, मग ती त्याच्याबद्दल काय सांगणार? मिस्त्रींनी त्यांचं मोठं स्कॅनर लावायच्या आधीच सीटखाली हात घातला. पुढच्या सीटखाली पिवळ्या रंगाचे कनेक्टर असतात. सीट मागेपुढे करताना, सीटखाली छत्री, पाण्याची बाटली, कांद्याची पिशवी कोंबताना ते ओढले जातात आणि सैल होतात. एअरबॅगचा दिवा लागण्याचं हे सगळ्यात साधं आणि नेहमी सापडणारं कारण. आमच्या भागात दुसरं कारण उंदीर. उसाला लागून घरं आहेत, गाडी चार दिवस उभी राहिली की वायरी कुरतडल्या जातात. या गाडीत कनेक्टर घट्ट होता आणि वायरीही शाबूत होत्या.

मग कोड वाचला. ड्रायव्हरच्या एअरबॅगचं सर्किट तुटलेलं. मिस्त्री म्हणाले, “हॉर्न बंद, स्टेअरिंगवरची आवाज कमी-जास्त करायची बटणं बंद, आणि वर हा दिवा. तिन्ही एकत्र म्हणजे क्लॉकस्प्रिंग.”

स्टेअरिंग डावी-उजवीकडे तीन-चार वेळा फिरतं, पण त्याच्या मधोमध बसलेल्या एअरबॅगला तर सतत वायर जोडलेली हवी. साधी वायर असती तर पहिल्याच वळणाला पिळवटून तुटली असती. म्हणून स्टेअरिंगच्या मागे एका चपट्या डबीत रिबनसारखी केबल गुंडाळून ठेवलेली असते. स्टेअरिंग फिरलं की ती घड्याळाच्या स्प्रिंगसारखी आवळते, उलट फिरलं की सैलावते. वर्षानुवर्षं हे करून ती एक दिवस तुटते. हॉर्नही त्याच वाटेनं जातो, म्हणून तोही मुका होतो. (स्वतः खोलून बघायचा मोह होत असेल तर तो आवरा. मल्टिमीटरच्या चाचणीचा थोडासा प्रवाहसुद्धा बॅग उडवू शकतो. गॅरेजमध्येही आधी बॅटरी काढतात आणि काही मिनिटं नुसतं थांबतात, कारण बॅटरी काढल्यावरही यंत्रणेत थोडी वीज साठलेली असते. छातीपासून हातभर अंतरावर एक छोटा स्फोटच बसवलेला असतो तो.)

नवीन क्लॉकस्प्रिंगचा खर्च मजुरीसह ७,२०० रुपये सांगितला. दाजींचा चेहरा बघून मिस्त्री पुढे म्हणाले, “गाडी विकायचीच म्हणताय ना? मग ८०० मध्ये हॉर्नला वेगळं बटण देतो आणि दिवा बंद करून देतो.”

हे दिवा बंद करून देणं कसं चालतं ते समजून घेतलं पाहिजे. संगणक एअरबॅगच्या वायरीतून अगदी बारीक प्रवाह सोडतो आणि विरोध मोजतो. बॅग जागेवर असेल तर तो साधारण दोन ओहम भरतो. संगणकाला एवढंच कळतं. समोर बॅग आहे की दुसरं काही, हे त्याला दिसत नाही. तेव्हा वायर कापून तिथे दोन ओहमचा एक रेझिस्टर जोडला की झालं. बाजारात तो काही रुपयांना मिळतो, आकारानं तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा. कॉलेजात मित्राची प्रॉक्सी लावतात तसं. सर नाव पुकारतात, मागच्या बाकावरून कुणीतरी ‘येस सर’ म्हणतं, हजेरी लागते. पाच-सहा सेकंद दिवा पेटतो, विझतो. सगळे हजर. वर्गात एक बाक रिकामा.

दाजींनी घरी येऊन जो युक्तिवाद केला तो मला अजूनही सहज खोडता येत नाही. ते म्हणाले, “माझ्या बापाच्या गाडीत कुठं होती एअरबॅग? लग्नाच्या वऱ्हाडात आपण जीपला लटकून गेलोय. २०१९ च्या आधीच्या निम्म्या गाड्यांत बॅगच नाही, त्या विकतात का नाही लोक? मग माझी गाडी बॅग नसलेली गाडी समज ना.”

त्यांची माहिती बरोबर होती. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांमध्ये ड्रायव्हरसाठी एअरबॅग सक्तीची झाली. शेजारच्या प्रवाशासाठी ती सक्ती २०२१ मध्ये आली. २०१४ च्या सुरुवातीला ग्लोबल एनकॅप या संस्थेनं भारतात खपणाऱ्या पाच लहान गाड्या धडकवून पाहिल्या तेव्हा पाचही गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले होते, आणि तशाच गाड्यांमधून आपण सगळे देवदर्शनाला जाऊन सुखरूप परत आलोय. बिनबॅगची गाडी विकण्यात अनैतिक काही नाही, हे मलाही मान्य आहे.

पण बिनबॅगची गाडी खोटं बोलत नाही. तिच्या स्टेअरिंगवर ‘एअरबॅग’ ही अक्षरं नसतात, डॅशबोर्डवर तो माणूस आणि गोळा नसतो. तिच्यात बसणाऱ्याला आपण कशात बसलोय हे माहीत असतं, आणि तो त्या हिशेबानं वेग धरतो, अंतर ठेवतो, किंवा नाही ठेवत. त्याचा तो बघून घेतो. रेझिस्टर लावलेली गाडी मात्र रोज सकाळी चावी फिरवल्यावर सहा सेकंद तपासणीचं नाटक करते आणि ‘सगळं ठीक आहे’ असं सांगते. नसणं आणि असण्याचं सोंग या दोन गोष्टींत मालकाच्या खिशाच्या दृष्टीनं फरक नसेल, पुढच्या माणसासाठी आहे. दाजींनी ७,२०० रुपये खर्च न करणं हा त्यांचा हक्क आहे. उरलेले ८०० रुपये नक्की कशावर खर्च होणार होते, एवढंच मला विचारायचं होतं. ते दुरुस्तीवर खर्च होणार नव्हते. पुढच्या माणसाला कळू नये यासाठी ते खर्च होणार होते.

तुम्ही सीटबेल्टच्या क्लिपा पाहिल्या असतील. पट्टा न लावता बकलमध्ये नुसतं एक धातूचं जिभाळं खुपसायचं, म्हणजे गाडीची टिकटिक बंद होते. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांचा अपघात झाला, मागच्या सीटवरच्यांनी पट्टे लावले नव्हते हे समोर आलं आणि मग या क्लिपांची चर्चा झाली. २०२३ च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं पाच मोठ्या ऑनलाइन दुकानांना त्या काढून टाकायला लावल्या तेव्हा अशा १३ हजारांहून अधिक जाहिराती उतरवल्या गेल्या. म्हणजे आपण किती जण किती निगुतीनं स्वतःला फसवत होतो बघा. तरीही क्लिप लावणाऱ्याची मला तितकी चीड येत नाही. तो स्वतःच्या कानाशी वाजणारी सूचना स्वतःसाठी बंद करतो, आणि त्याच्या शेजारी बसलेल्याला ती क्लिप दिसते. रेझिस्टर स्टेअरिंगच्या आत जातो. लावणारा आणि लावून घेणारा सोडून तो जगात कुणालाही दिसत नाही, आणि गाडी विकल्यावर ते दोघंही तिच्यात बसत नाहीत.

विल्यम क्लिफर्ड नावाच्या इंग्लिश गणितज्ञानं १८७७ मध्ये विश्वासाच्या नीतीवर एक निबंध लिहिला होता. तत्त्वज्ञानाच्या वर्गात तो अजून शिकवतात. त्यात एक जहाजमालक आहे. त्याचं जहाज जुनं झालंय, दुरुस्त्या बऱ्याच झाल्यात, त्यातून परदेशी स्थायिक व्हायला निघालेली कुटुंबं जाणार आहेत. मालकाच्या मनात शंका येते की हे जहाज टिकेल ना? तपासणीला खर्च येणार. मग तो हळूहळू स्वतःची समजूत घालतो: इतक्या सफरी केल्या, इतकी वादळं पाहिली, याही वेळी जाईल. निरोप देताना तर त्याच्या मनात शंकेचा लवलेश उरत नाही. जहाज बुडतं. तो विम्याचे पैसे घेतो आणि गप्प बसतो.

इथपर्यंत गोष्ट सोपी आहे. क्लिफर्ड पुढे विचारतो, समजा जहाज बुडलंच नाही? त्या सफरीला सुखरूप गेलं, पुढच्या अनेक सफरींना गेलं. मग मालकाचा दोष कमी होतो का? त्याचं उत्तर आहे, जराही नाही. मालकानं शंका दाबली त्याच क्षणी जे व्हायचं ते झालं. समुद्रानं नंतर काय केलं, तो समुद्राचा प्रश्न.

मला हे वाचताना नेहमी वाटायचं की हा माणूस फार कडक आहे. माणसांचं न्यायालय असं चालत नाही. शिरूरच्या आणि दौंडच्या दोन माणसांनी एकाच दिवशी, एकाच मिस्त्रीकडून, एकसारखे रेझिस्टर लावून गाड्या विकल्या असं धरू. एकाची गाडी घेणारा ती आठवडी बाजाराला नेतो, दहा वर्षं वापरतो आणि भंगारात घालतो. दुसऱ्याची गाडी घेणारा जानेवारीतल्या एका रात्री न्हावरे फाट्याच्या पुढे, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर अशा उसाच्या ट्रॉलीवर जाऊन आदळतो. पहिल्या विकणाऱ्याला आपण व्यवहारी म्हणू. दुसऱ्याला काय म्हणू? दोघांनी केलं ते अगदी एकच. १९७६ मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल यांनी याच कोड्याला ‘नैतिक नशीब’ असं नाव दिलं. आपण माणसाला त्याच्या कृतीवरून जोखतो असं म्हणतो, आणि प्रत्यक्षात बऱ्याचदा नशिबावरून जोखतो.

कोडं सुटलंय असं मी म्हणणार नाही. पण रेझिस्टरच्या बाबतीत एक गोष्ट मला दिसते. पहिल्या विकणाऱ्याच्या गाडीत दहा वर्षं जो माणूस बसला त्याचं काहीच गेलं नाही असं नाही. त्याचा एक निर्णय गेला. बॅग चालू नाही हे माहीत असतं तर त्यानं कदाचित दुरुस्त केली असती, कदाचित लेकराला पुढे बसवलं नसतं, कदाचित काहीच केलं नसतं. ते ठरवायचा अधिकार त्याचा होता, आणि तो त्याच्याकडून ८०० रुपयांत काढून घेतला गेला. अपघात झाला असता तर ते उघड झालं असतं इतकंच. कोंबडं झाकलं म्हणून सूर्य उगवायचा राहत नाही असं आपण म्हणतो. इथे अडचण अशी की दहातल्या नऊ वेळा सूर्य उगवतच नाही, आणि झाकणारा शहाणा ठरतो.

आमच्या कारखान्यात प्रत्येक लाइनीवर डोक्याच्या वर दिव्यांचा एक खांब असतो. त्याला ॲन्डॉन म्हणतात. हा शब्द जपानी, मूळ अर्थ कागदी कंदील. पार्टमध्ये काही वावगं दिसलं की मशिनवरच्या पोरानं, मग तो सहा महिन्यांच्या कंत्राटावरचा का असेना, दोरी ओढायची किंवा बटण दाबायचं. दिवा पेटतो, सुपरवायझर धावत येतो. खराब पार्ट लाल ट्रेमध्ये जातो, त्याला लाल टॅग लागतो. खराब पार्ट बनवणं हा आमच्याकडे गुन्हा नाही; यंत्र आहे, टूल झिजतं. लाल टॅग काढून पार्ट परत लाइनीत सोडणं यासाठी मात्र माणूस त्याच दिवशी गेटबाहेर जातो. त्या बाबतीत कुणी ‘पण पार्ट चालला असता’ असं म्हणालेलं मी ऐकलेलं नाही. हे सगळं इतकं पवित्र आहे असंही समजू नका. महिनाअखेर टार्गेट अंगावर आलं की दिवा पेटवणाऱ्याकडे लोक कशा नजरेनं बघतात ते मला माहीत आहे. तरी नियम नियम आहे. मग शिफ्ट संपते, हीच सगळी पोरं बाइकवर आणि जुन्या गाड्यांत बसून नगर रोडला लागतात, आणि तिथे पेटलेल्या दिव्यावर काळी टेप चिकटवलेली असते. आत दिव्याचा मान ठेवायला पगार मिळतो. बाहेर स्वतःच्या खिशातून द्यावा लागतो.

या सगळ्यावर एक चांगला आक्षेप आहे, आणि तो मला कारखान्यातल्याच एका सहकाऱ्यानं घेतला. तो म्हणाला, तुझा दिवा तरी खरं बोलतो का? ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगांचं काय झालं? त्या बॅगांमध्ये फुगवण्यासाठी अमोनियम नायट्रेट वापरलं होतं. उष्ण, दमट हवेत ते वर्षानुवर्षं राहिलं की बिघडतं, आणि मग बॅग फुगताना धातूचं नळकांडंच फुटतं आणि तुकडे बसणाऱ्याच्या गळ्यात घुसतात. जगभरात सुमारे १० कोटी इन्फ्लेटर परत मागवावे लागले, भारतातही होंडानं गाड्या बोलावून ते बदलून दिले. त्या सगळ्या गाड्यांमध्ये एअरबॅगचा दिवा बरोबर सहा सेकंदांनी विझत होता. सर्किट शाबूत होतं ना. दिव्याला आतली दारू दिसत नाही.

खरंय. दिवा जेवढं मोजतो तेवढंच सांगतो. पण ताकाताच्या प्रकरणात जे सर्वांत वाईट होतं ते रसायन नव्हतं. कंपनीनं चाचण्यांचे आकडे बदलून गाड्या बनवणाऱ्यांना दिले होते, आणि २०१७ मध्ये अमेरिकेत तिनं तो गुन्हा कबूल केला. जनरल मोटर्सचंही तसंच. त्यांच्या काही गाड्यांत चावीचं स्विच इतकं सैल होतं की चालत्या गाडीत ते आपोआप फिरायचं, इंजिन बंद पडायचं, आणि मग धडकेत एअरबॅग उघडायच्याच नाहीत. त्या स्विचशी जोडलेले १२४ मृत्यू भरपाईच्या वेळी मान्य झाले. मधल्या काळात ते स्विच गुपचूप सुधारलं गेलं होतं, पण पार्ट नंबर जुनाच ठेवला. माझ्यासारख्या तपासनीसाच्या अंगावर काटा येतो तो इथे. नंबर बदलला असता तर जुनं आणि नवं वेगळं आहे हे कुणाच्या तरी लक्षात आलं असतं. रेझिस्टर, बदललेले आकडे, न बदललेला नंबर. दिव्याला काही गोष्टी कळत नाहीत ही यंत्राची मर्यादा आहे. जे त्याला कळलं आहे ते त्याला विसरायला लावणं हे माणसाचं काम आहे.

आपल्याकडे ते विसरायला लावलेलं पुन्हा शोधायलाही कुणी बसलेलं नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. तोवर दरवर्षी पाहिला जातो तो फक्त धूर, पीयूसीसाठी. ब्रिटनमध्ये वार्षिक तपासणीत हा दिवा दोष दाखवत असेल तर गाडी नापास होते. इथे गाडी पाच मालक बदलून शिरूरहून करमाळ्यापर्यंत पोचते आणि वाटेत दिव्याविषयी कुणी विचारत नाही.

आमच्या गाडीबद्दल विचारलं ते ताईनं. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि या पाच महिन्यांत तीच रोज डाव्या सीटवर बसत होती. तिनं एवढंच विचारलं, “तो दिवा माझ्याकडून दिसत का नाही?” तिचं बरोबर आहे. दिवा चालवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असतो, स्टेअरिंगच्या आड. शेजारी बसलेल्याला तो तिरका, अर्धवट दिसतो, मागच्याला दिसतच नाही. धोका चौघांचा, बातमी एकाला. दाजी ‘माझी गाडी, माझा जीव’ म्हणत होते तेव्हा त्यांच्या शेजारी ती आणि मागे दोन पोरं होती. त्या प्रश्नावर दाजी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मिस्त्रींना फोन करून हॉर्नचं तेवढं करायला सांितलं आणि दिवा आहे तसा ठेवला.

गाडी बघायला जे गृहस्थ आले ते रेल्वेतून लोको पायलट म्हणून निवृत्त झालेले होते. दौंडमध्ये तीन घरं टाकून एक रेल्वेचं घर असतं, त्यामुळे यात नवल नाही. काकांनी रंग बघितला नाही, टायर बघितले नाहीत. चावी अर्धी फिरवली आणि डॅशबोर्डकडे बघत बसले. दाजींनी लगेच सांगितलं, “तो एअरबॅगचा आहे, क्लॉकस्प्रिंग गेलीय, सात-साडेसात हजाराचं काम आहे.”

काका म्हणाले, “पेटलेला आहे ते बरंय. न पेटणारा दिवा असला की मी गाडी घेत नाही.” मग त्यांनी आम्हाला सांगितलं की रेल्वेत सिग्नलचा दिवाच विझलेला असेल तर तो सिग्नल सर्वांत कडक संकेत दाखवतोय असं धरायचं असतं. थांबा म्हणणारा सिग्नल असेल तर थांबायचं. अंधार म्हणजे मोकळा रस्ता असं तिथे कधीच नसतं. “तुमच्या मोटारीत उलटं आहे,” ते म्हणाले, “अंधार झाला की सगळं चांगलं.” दिवा विझला तर धोका समजा, अशी यंत्रणा उभी करायला रेल्वेला किती अपघात मोजावे लागले असतील याचा मी नंतर विचार करत होतो. मोटारीत त्यातलं थोडंसं आहे, ते पहिल्या सहा सेकंदांत. दिवा आधी पेटलाच पाहिजे. कुणी बल्ब काढला असेल किंवा टेप लावली असेल तर तिथे पकडता येतो. प्रॉक्सी मात्र तिथेही पकडली जात नाही.

त्यांनी किमतीतून २० हजार कमी करायला लावले, म्हणजे कामाच्या खर्चाच्या जवळपास तिप्पट. खरं बोलण्याचा हा दर दाजींना अजून खटकतो, आणि त्यांचं खटकणं मला पटतं. ज्या बाजारात सगळ्यांचे दिवे विझलेले आहेत तिथे एकट्याचा पेटलेला दिवा ही घासाघिशीची जागा होते.

गेल्या महिन्यात हॉर्नचे राहिलेले पैसे द्यायला मी मिस्त्रींकडे गेलो होतो. माणूस वाईट नाही. ‘मी नाही केलं तर पुढच्या गल्लीत करतील’ हे त्यांनी मला न विचारता सांगितलं, म्हणजे ते त्यांना आधीपासून बोचत असणार. मी विचारलं, आतापर्यंत किती गाड्यांना लावलेत? त्यांनी तंबाखूच्या जुन्या डबीतून चार-पाच रेझिस्टर तळहातावर ओतले, बोटानं सारखे केले आणि परत डबीत टाकले. “असतील तीस-चाळीस.”

“कुठल्या गाड्या, आठवतं?”

“पहिल्या पहिल्या आठवायच्या,” ते म्हणाले. “आता त्या कुठं आहेत, कुणास ठाऊक.”